कायम विनाडेस्कटॉप तत्त्वावर

लिनक्स वापरणाऱ्यांमध्ये एक पंथ आहे. या पंथातली माणसं आपण काय काय बसवलं हे कधीच सांगत नाहीत. काय काय काढून टाकलं, तेवढंच सांगतात. दोघं भेटले की तब्येतीची चौकशी मेगाबाइटांत होते.

‘बूट झाल्यावर रॅम किती?’

‘दीडशे.’

‘दीडशे? अजून काय ठेवलंयस मग?’

‘ब्लूटूथ आहे.’

‘कशाला?’

याला उत्तर नसतं. दीडशेवाला मान खाली घालून घरी जातो आणि रात्री जागून ब्लूटूथ काढतो. दुसऱ्या दिवशी हेडफोन चालत नाहीत, पण ‘एकशे बेचाळीस’ म्हणताना चेहऱ्यावर जे तेज येतं ते हेडफोननं आलं नसतं.

माझा भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना या पंथात गेला. घरच्यांना उशिराच कळलं. आधी वॉलपेपर गेला, मग आयकॉन गेले, मग खालची पट्टी गेली आणि एके दिवशी बहिणीनं त्याचा लॅपटॉप उघडला तर काळ्याभोर स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांत ‘लॉगिन’, बस्स. तिला वाटलं, बिघडला.

‘बिघडला नाही गं आई. मी डेस्कटॉप काढलाय.’

‘मग लाव की परत.’

‘नको. उगाच जागा अडवतो.’

‘कपाट आवर म्हणत होते तेव्हा नाही सुचलं हे?’

तेव्हापासून तो कन्सोलवर राहतो. फोटो ‘एफबीआय’ नावाच्या प्रोग्रॅमनं बघतो. दचकू नये, त्यातलं एफबी म्हणजे फ्रेमबफर. सिनेमा बघायला ‘एमपीव्ही’ला थेट लिनक्सच्या गाभ्याशी, म्हणजे कर्नेलशी, बोलायला लावतो. वेबपानं ‘लिंक्स’ नावाच्या ब्राउझरमध्ये उघडतो. त्यात चित्रं दिसतात आणि बाकी जवळजवळ काहीच चालत नाही. परीक्षेचा फॉर्म भरायची वेळ आली की आईचा लॅपटॉप मागतो. २०२० साली कर्नेलमधून कन्सोलची एक सोय काढून टाकली: शिफ्ट आणि पेज-अप दाबून वर सरकून गेलेला मजकूर परत बघायची. त्या कोडला सांभाळणारं कोणी उरलं नव्हतं आणि त्यात सुरक्षेची भोकं सापडत होती. जगाला याचं सोयरसुतक नव्हतं. आमच्याकडे एक माणूस त्या रात्री जेवला नाही.

आता ज्याला हाकलायचं, त्याच्याविषयी थोडं. लिनक्सवर एखादा प्रोग्रॅम खिडकी उघडतो तेव्हा तो स्वतः स्क्रीनला हात लावत नाही. आपलं म्हणणं तो डिस्प्ले सर्व्हरला कळवतो आणि तो सर्व्हर सगळ्यांच्या खिडक्या एकत्र करून स्क्रीनवर मांडतो. यातला वडीलधारा म्हणजे ‘एक्स’. एमआयटीमध्ये १९८४ साली जन्मला, पहिल्या तीन वर्षांत भराभर दहा यत्ता चढला, १९८७ साली अकरावीत गेला आणि अजून अकरावीतच आहे. बारावीला बसायचं नाव काढत नाही. त्याला कंटाळून क्रिस्टियन हॉग्सबर्ग यांनी २००८ साली ‘वेलँड’ सुरू केला. मॅसॅच्युसेट्समधल्या वेलँड गावातून गाडीनं जाताना कल्पना सुचली म्हणून तेच नाव. आपल्याकडे प्रवासात सुचलेल्या कल्पनेला गावाचं नाव द्यायची पद्धत नाही हे एका परीनं बरं आहे. नाहीतर निम्मी सॉफ्टवेअर खंडाळा नावाची निघाली असती.

या डिस्प्ले सर्व्हरचं काम हौसिंग सोसायटीच्या सेक्रेटरीचं असतं. कोणाची गाडी कुठे लागेल, कोण कोणाच्या आड येईल, आलेलं कुरिअर नेमकं कुठल्या दारात पोचवायचं, एक बिऱ्हाड रातोरात पळून गेलं तर मागे राहिलेला पसारा कोण उचलेल, हे सगळं तोच बघतो. त्याचे आभार कोणी मानत नाही. वार्षिक सभेत त्याच्यावर एकच आरोप असतो, की हा फार खातो. भाच्याचं म्हणणं शब्दशः हेच होतं. फार खातो. सोसायटी नको, सेक्रेटरी नको, आपण आपला स्वतंत्र बंगला बांधू.

बंगल्यात पंपही आपणच चालू करायचा असतो, हे त्याला पुढे कळायचं होतं.

पण सुरुवातीला बाजू त्याचीच बरोबर होती, हे मान्य केलं पाहिजे. दाजींचं भोसरीला वर्कशॉप आहे. तिथं व्हॉल्व्हमध्ये पाणी भरून दाब देतात आणि गळतंय का ते बघतात. या टेस्टिंगच्या बेंचवर एका कंत्राटदारानं एक छोटा कॉम्प्युटर आणि स्क्रीन बसवून दिली होती. दाखवायचं काय, तर दाबाचा आकडा, एक चालू बटण, एक बंद बटण. त्यासाठी पठ्ठ्यानं आख्खा डेस्कटॉप बसवला होता. दाब चढत असताना बरोबर आकड्यावर ‘अपडेट उपलब्ध आहेत’ अशी पाटी यायची. माउस जोडलेला नव्हता, पण त्याचा बाण स्क्रीनच्या मधोमध कायमचा वस्तीला. कोपऱ्यात कचऱ्याची टोपली. रात्रपाळीच्या मंडळींनी आकड्याची खिडकी बाजूला सारून त्यामागे पत्त्यांचा खेळ शोधून काढला होता आणि त्या पाळीत व्हॉल्व्ह सगळे पास होत होते.

‘बाबा, याला डेस्कटॉपची गरजच नाही,’ भाचा म्हणाला. ‘एक रासबेरी पाय, सात इंची टचस्क्रीन आणि सी भाषेतला एक प्रोग्रॅम. बाकी शून्य.’

‘किती दिवस लागतील?’

‘बटणं दोनच आहेत ना?’ भाच्यानं उलट विचारलं.

दाजींनी हे उत्तर होकार समजून ठेवून दिलं.

या विद्येत पहिला दिवस फार सुखाचा असतो. लिनक्सवर स्क्रीन ही एक फाइल असते. ‘एफबी-झिरो’ तिचं नाव. आपल्या फायली उघडतात तशीच ती उघडायची आणि तिच्यात आकडे लिहायचे. एका पिक्सेलला चार बाइट. सात इंची स्क्रीनवर आडवे ८०० आणि उभे ४८० पिक्सेल, म्हणजे सगळा पडदा १५,३६,००० बाइटांत संपला. फोनवर येणारा गुड मॉर्निंगचा फोटोही याहून जड असू शकतो. सी भाषेतल्या तीसेक ओळींत आख्खी स्क्रीन लाल करता येते. मधे सर्व्हर नाही, परवानगी नाही, काही नाही. सत्ता म्हणतात ती हीच.

त्याहून सोपा प्रयोग म्हणजे कर्नेलकडून येणारे वाटेल ते आकडे एका ओळीच्या आज्ञेनं या फाइलीत ओतायचे. स्क्रीनवर रंगीत मुंग्या पसरतात, शेवटचा कोपरा भरतो आणि कॉम्प्युटर अतिशय गंभीरपणे सांगतो: ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. पडदा भरला, जागा संपली. भाच्यानं हा प्रयोग लॅपटॉपवर मला करून दाखवला, मग बहिणीला दाखवला, मग खालून जेवायला बोलवायला आलेल्या आजीलाही. आजी म्हणाली, ‘अँटेना हलवून बघ.’

दुसऱ्या दिवशी त्यानं गणपतीचा फोटो घेतला. शुभारंभाला आकडे नकोत, देव असावा. लॅपटॉपची स्क्रीन १३६६ पिक्सेल रुंद. चारनं गुणलं की एका ओळीचे ५४६४ बाइट होतात. पण ग्राफिक्सच्या चिपला असले अडनिडे आकडे आवडत नाहीत. तिनं स्वतःच्या सोयीनं ओळ ५५०४ बाइटांची धरली होती, म्हणजे दर ओळीमागे दहा पिक्सेल जास्त. भाच्याचा हिशोब शाळेतला, चिपचा हिशोब सरकारी. परिणाम असा की प्रत्येक ओळ मागच्या ओळीपेक्षा दहा पिक्सेल डावीकडे सरकत गेली आणि गणपती तिरका होऊन, डाव्या कडेनं बाहेर पडून उजव्या कडेनं परत आत आला, आणि असं कितीतरी वेळा झालं. ओळीची खरी लांबी कर्नेलला विचारता येते. विचारायची असते हे माहीत असलं म्हणजे.

ते दुरुस्त झालं आणि गणपती सरळ बसला. पण निळा. आपण लाल-हिरवा-निळा म्हणतो. त्या चार बाइटांत आधी निळा येतो, मग हिरवा, मग लाल आणि चौथा बाइट नुसता बसून असतो. लाल आणि निळ्याची अदलाबदल झाली की शेंदराचा निळा होतो. आजीनं चष्मा पुसून बघितलं.

‘कृष्ण सुरेख आलाय हो. पण सोंड कशाला दिलीस त्याला?’

रंग सुधारल्यावर दिसलं, की गणपतीच्या डोक्यावर, मुकुटाच्या जरा वर, एक छोटी पांढरी रेघ लुकलुकतेय. हा कन्सोलचा कर्सर. कर्नेलला कुठे माहीत होतं, की आता इथं अक्षरं नसून देव आहे? तो बिचारा मागच्या दारानं आपलं काम करत होता. कर्सर बंद करायची युक्ती आहे. जुन्या कर्नेलांत दहा मिनिटं कोणी काही टाइप केलं नाही की स्क्रीन आपोआप काळी व्हायची, ती थांबवायची वेगळी युक्ती होती. कर्नेलमधून येणारे निरोप थेट चित्रावर छापले जातात, त्याची तिसरी. बंगल्याला किती बाजूंनी मांजरं येतात ते बंगला बांधल्यावरच कळतं.

मग माउस. माउस स्वतः फारच कमी बोलतो: ‘तीन उजवीकडे, एक खाली.’ तो कुठे आहे हे त्याला माहीत नसतं आणि बाण तर त्याच्याकडे नसतोच. बाण आपण काढायचा. काढण्याआधी त्याच्याखाली काय होतं ते जपून ठेवायचं, बाण पुढे गेला की ते परत ठेवायचं. भाचा हे विसरला, तर बाणानं जिथून जाईल तिथं पांढरं सारवण केलं. स्क्रीनच्या कडेला बाण अडवायचाही आपणच. नाही अडवला तर तो उजवीकडे निघतो तो निघतोच. एके दुपारी भाचा माउस ओढत ओढत टेबलाच्या टोकापर्यंत आला होता. मी विचारलं, काय करतोयस? म्हणाला, ‘सकाळी बाण बाहेर गेला होता, परत आणतोय.’

कीबोर्डची गंमत याहून गहिरी आहे. ‘क्यू’ दाबलं तर कर्नेल सोळा म्हणून कळवतो, ‘ए’ दाबलं तर तीस. कुठली कळ दाबली हे तो सांगतो. तिच्यावर कुठलं अक्षर आहे हा तुमचा प्रश्न. शिफ्ट तुम्ही सांभाळायची, कॅप्स लॉकचा दिवाही तुमच्याकडेच. हे सगळं भाच्यानं केलं आणि आपल्या प्रोग्रॅममध्ये झकास टाइप करून दाखवलं. त्याला एवढंच लक्षात आलं नव्हतं, की त्याच कळा खालच्या कन्सोललाही ऐकू जातायत आणि तो त्या निमूटपणे लिहून घेतोय. प्रोग्रॅम बंद केला, मागचा शेल जागा झाला आणि समोर आलेल्या ओळी आज्ञा समजून एकेक चालवू लागला. सुदैवानं भाच्यानं तपासणीसाठी टाइप केलं होतं आपलं नाव, कॉलेजचं नाव आणि एका मुलीचं नाव. शेलनं तिन्ही वाचून ‘अशी आज्ञा सापडत नाही’ असं कळवलं. तिसरं बहिणीनं वाचलं. ते प्रकरण वेगळं.

यावर उपाय म्हणजे कन्सोलला ‘आता मी ग्राफिक्स करतोय, तू गप्प बस’ असं सांगायचं. तो खरंच गप्प बसतो. मग तुमचा प्रोग्रॅम मधेच मेला, तरी गप्पच बसतो, कारण बोलायला लाग असं त्याला सांगणारा मेलेला असतो. स्क्रीन गोठलेली, कीबोर्ड बहिरा, कॉम्प्युटर आतून ठणठणीत. अशा वेळी दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आत शिरावं लागतं, म्हणजे पुन्हा आईचा लॅपटॉप. किंवा अल्ट आणि प्रिंट-स्क्रीन धरून आर दाबायचा. ही कर्नेलची शेवटची घंटा आहे, मात्र बऱ्याच ठिकाणी ती आधीच अर्धी काढून ठेवलेली असते. प्रिंट-स्क्रीनचं बटण जन्मात कशासाठी वापरलं नव्हतं, असं म्हणणाऱ्यांनी फ्रेमबफरवर प्रोग्रॅम लिहावा.

माझ्या पिढीचं यावर एक तुसडं मत आहे, ते इथंच सांगून टाकतो. आम्ही एक्स सुरू करण्यासाठी हातानं फाइल लिहायचो. तिच्यात मॉनिटरची आडवी-उभी फ्रीक्वेन्सी भरायची आणि मदतीच्या पानावर लिहिलेलं असायचं, की आकडा चुकला तर मॉनिटर जळू शकतो. तेव्हा डिस्प्ले सर्व्हर नको म्हणायला कारण होतं. जिवाची भीती होती. आताच्या मुलांचा सगळा छळ ऐच्छिक आहे.

लॅपटॉपवरची उमेदवारी संपवून भाचा रासबेरी पायवर आला, तेव्हा त्याला कळलं की एफबी-झिरो हे जुन्या वळणाचं काम. कर्नेलवाले त्यात नवे ड्रायव्हर घेत नाहीत. आता डीआरएमनं जायचं, म्हणजे डायरेक्ट रेंडरिंग मॅनेजर. स्क्रीनचा मोड ठरवण्याचं काम पूर्वी एक्स करायचा, ते कर्नेलनं आपल्याकडे घ्यायला सुरुवात केली आणि २००९ सालच्या मार्चमध्ये आलेल्या २.६.२९ आवृत्तीत इंटेलच्या चिपांपासून त्याचा श्रीगणेशा झाला. (त्याच आवृत्तीत पेंग्विन रजेवर गेला आणि लोगोत त्याच्या जागी टास्मानियन डेव्हिल नावाचा प्राणी बसला. तो नामशेष व्हायला आला होता म्हणून कर्नेलवाल्यांनी केलेला प्रचार. आपल्याकडच्या कुठल्या माळढोकाला असा मान मिळालेला नाही.)

डीआरएमचं घराणं मोठं आहे. कनेक्टर म्हणजे ज्यात वायर जाते ते. एन्कोडर. प्लेन. आणि सीआरटीसी, यातलं सीआरटी म्हणजे ती जुनी काचेची पिक्चर ट्यूब. टीव्हीतून ट्यूब गेली, मॉनिटरमधून गेली, भंगारवालाही आता घेत नाही. कर्नेलमध्ये मात्र तिचं नाव सातबाऱ्यावर कायम आहे. या सगळ्यांची कोणाची कोणाशी पत्रिका जुळते ते विचारायचं, जुळलेल्यांची साखळी लावायची, मग एक बफर मागायचा. त्याला अधिकृत भाषेत ‘डंब बफर’ म्हणतात. मग त्यात चित्र काढायचं. फ्रेमबफरच्या तीस ओळींचे इथे काहीशे होतात. भाचा म्हणाला, ‘पण मामा, हे आधुनिक आहे.’

आधुनिकतेचा फायदाही आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. स्क्रीन सेकंदाला साठ वेळा वरून खाली रंगवली जाते. ती रंगवत असताना मधेच तुम्ही चित्र बदललंत, तर वरचा अर्धा जुना आणि खालचा अर्धा नवा दिसतो. दाबाचा आकडा आठावरून नऊवर जाताना क्षणभर वर आठ आणि खाली नऊ, असा कुठल्याच पाढ्यात नसलेला आकडा दिसायचा. डीआरएममध्ये दोन बफर ठेवता येतात. एक दाखवायचा, दुसऱ्यावर काम करायचं आणि स्क्रीन खालपर्यंत पोचून वर परतते त्या फटीत अदलाबदल करायची. हे जमलं त्या दिवशी भाच्यानं आठाचा नऊ होताना मला पुनःपुन्हा दाखवला. मला काही दिसलं नाही. ‘तेच तर!’ तो म्हणाला.

एवढं होईपर्यंत स्क्रीनवर एकही अक्षर आलेलं नव्हतं. दाजींची अट साधी होती, पाट्या मराठीत पाहिजेत. बेंचवरच्या लोकांना ‘टेस्ट पास’ कळत नाही असं नाही, पण ‘चाचणी पूर्ण’ वाचलं की काम केल्यासारखं वाटतं, असं दाजींचं मत.

इथं मात्र मराठी भाषा बंगल्याच्या फाटकातच आडवी झाली. लिनक्सच्या कन्सोलला एका वेळी फार तर ५१२ अक्षराकृती ठाऊक असतात, शिवाय एका चौकटीत एक अक्षर हा तिथला नियम. आपली बाराखडी चौकटीत राहील का? म्हणून भाच्यानं फ्रीटाइप नावाची लायब्ररी घेतली. ती फॉन्टमधून अक्षर फार देखणं काढून देते, पण एका वेळी एक आणि ज्या क्रमानं मागाल त्या क्रमानं. ‘बिघाड’ साठवताना आधी ब असतो आणि मग पहिली वेलांटी. ती वेलांटी ब-च्या आधी काढायची असते हे शाळेत पहिलीच्या बाईंनी आपल्याला सांगितलं, फ्रीटाइपला नाही. त्यामुळे वेलांटी ‘घा’च्या डोक्यावर जाऊन बसली. ‘पूर्ण’मधला रफार ण-च्या डोक्यावर चढायच्याऐवजी पाय मोडलेला र होऊन वाटेत उभा राहिला. दाजींनी स्क्रीन लांबून बघितली, जवळून बघितली आणि विचारलं, ‘गुजराती आहे का?’

हे सगळं नीट करणारी हार्फबझ नावाची लायब्ररी आहे. वेलांट्या, रफार, जोडाक्षरं, सगळ्यांना ती ज्याच्या त्याच्या जागी नेऊन बसवते. डेस्कटॉपवर आपण मराठी वाचतो ते बहुतेक वेळा तिच्याच कृपेनं, आणि तिचं नावही आपल्याला माहीत नसतं. पण भाचा अडून बसला. एका ‘बिघाड’साठी आणखी एक लायब्ररी? तत्त्वाचा प्रश्न होता.

मग त्यानं जो तोडगा काढला तो खरोखर हुशारीचा होता. पाट्या मोजक्याच आहेत. त्यांची आधीच चित्रं करून ठेवायची आणि वेळ आली की चिकटवायची. जिवंत बदलणारं काय, तर आकडा. शून्य ते नऊ आणि एक टिंब, अकरा आकृत्या. अंकांना वेलांटी नाही, रफार नाही, शेजाऱ्याशी जोडून घेण्याची हौस नाही. आपल्या लिपीत एवढी सरळ नांदणारी मंडळी फक्त तीच. पाट्यांची चित्रं त्यानं आईच्या लॅपटॉपवर तयार केली, बारा खिडक्या उघड्या असलेल्या भरगच्च डेस्कटॉपवर, आणि हलक्या प्रोग्रॅममध्ये नेऊन लावली.

बटणांनी त्याला शेवटी माणसात आणलं. बटण म्हणजे एक चौकोन. बोट चौकोनात पडलं की काम करायचं, असा त्याचा समज. बोट चौकोनात टेकलं पण उचललं बाहेर, तर? दोन बोटं टेकली तर? ओल्या हातमोज्यानं टेकवलं की एका स्पर्शाचे सात झाले, तर? तेव्हा कुठे त्यानं एलव्हीजीएल स्वीकारली. हंगेरीच्या गाबोर किश-व्हामोशी यांनी सुरू केलेली ही ग्राफिक्सची लायब्ररी मुळात इवल्याशा मायक्रोकंट्रोलरांसाठी आहे. ती फ्रेमबफरवरही चालते, डीआरएमवरही चालते, आणि बटण कसं वागतं हे तिला माहीत आहे. असल्या कामाला तीच घ्यावी, असं माझं पहिल्यापासूनचं मत होतं. पण भाच्याला मत देणं म्हणजे मामानं आपला पाणउतारा करून घेणं, म्हणून दिलं नव्हतं.

बसवायच्या दिवशी स्क्रीन पॅनेलमध्ये उलटी बसवावी लागली, कारण वायरीला भोक वरच्या बाजूला पाडलेलं होतं. भाच्यानं तिथल्या तिथे चित्र उलटं केलं. टच उलटा करायचा राहिला. दोन्ही वेगवेगळ्या वाटांनी येतात. चित्र एका फाइलीतून जातं, बोट दुसऱ्या फाइलीतून येतं आणि दोघांची ओळख करून देणारा तो सेक्रेटरी आपण नेमलेलाच नव्हता. त्यामुळे बंद दाबलं की चालू व्हायचं. दाजी मात्र जुने खेळाडू. त्यांनी पॅनेलवर लाल मशरूम बटण आधीच बसवून घेतलं होतं, थेट पंपाचा करंट तोडणारं. ‘स्क्रीनवरच्या बटणावर मी माणसाचा हात ठेवणार नाही,’ असं ते म्हणाले होते, आणि या सगळ्या प्रकरणात इंजिनिअरिंगचं सर्वांत चांगलं वाक्य तेच होतं. बाकी दुरुस्ती वजाबाकीची: आडवं असेल ते ७९९ मधून वजा, उभं असेल ते ४७९ मधून.

आणि मग ते चाललं. नुसतं चाललं नाही, सुरेख चाललं. खटका दाबला की कपात चहा ओतून होईपर्यंत आकडा हजर. बाण नाही, टोपली नाही, अपडेटची पाटी नाही, पत्ते तर नाहीतच; रात्रपाळीत व्हॉल्व्ह पुन्हा नापास होऊ लागले. सुरू होताना वरच्या कोपऱ्यात क्षणभर चार रासबेरी दिसायच्या. कर्नेलची रीत आहे, प्रोसेसरच्या प्रत्येक कोरमागे एक लोगो. बाकीकडे पेंग्विन असतात, या कॉम्प्युटरवर फळं. दाजींनी त्यावर बोट ठेवलं.

‘चार कशाला? बोलणं एकाचंच झालं होतं.’

भाच्यानं ती एका शब्दाच्या सूचनेनं घालवली.

असल्या एककलमी यंत्राला डिस्प्ले सर्व्हर नसावा हे माझं आता पक्कं मत आहे. कोबोचे ई-बुक वाचक असेच थेट फ्रेमबफरवर चित्र काढतात. जुने व्हिडिओ गेम खेळायला लोक रासबेरी पायवर रेट्रोपाय लावतात, तेही डेस्कटॉपशिवायच. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइडमध्ये लिनक्सचा कर्नेल आहे आणि एक्सचा पत्ता नाही, पण तिथं सरफेसफ्लिंगर नावाचा दुसरा सेक्रेटरी बसलेला आहे. कारण उघड आहे, बिऱ्हाडं अनेक आहेत. एकट्यानं राहायचं असेल तर बंगला छानच.

आणि दाजींना दुसरं बिऱ्हाड ठेवायचं होतं.

‘आकडा छान दिसतो,’ ते म्हणाले. ‘आता शेजारी तपमानाचा आलेख पाहिजे. त्या दुसऱ्या पोरानं त्याचा प्रोग्रॅम केलाय, तो फक्त लावून दे.’

भाच्यानं लावला. डीआरएममध्ये स्क्रीनची मालकी एका वेळी एकाचीच. जो आधी उघडतो तो मास्टर, मागून येणाऱ्यानं मोड बदलायला हात घातला की ‘परमिशन डिनाइड’. आकडा दिसला तर आलेख नाही, आलेख दिसला तर आकडा नाही. वेलँडवर चालणारा ‘केज’ नावाचा एक लहानसा प्रकार आहे, किऑस्कसाठीच केलेला. त्यात पूर्ण स्क्रीनवर एक प्रोग्रॅम चालतो. पण इथं दोन शेजारी शेजारी पाहिजेत. भाचा विचार करत बसला आणि काही दिवसांनी उजळलेल्या चेहऱ्यानं माझ्याकडे आला.

‘मामा, सापडलं! तिसरा प्रोग्रॅम लिहायचा. स्क्रीन फक्त त्यानं उघडायची. बाकीचे दोघं आपापलं चित्र शेअर्ड मेमरीत काढणार आणि सॉकेटवरून त्याला सांगणार, की माझं झालं. तो दोन्ही चित्रं घेऊन शेजारी शेजारी लावणार.’

‘आणि टच?’

‘तोही त्याच्याकडेच येणार. बोट कोणाच्या हद्दीत पडलं ते बघून तो त्याला कळवणार.’

‘एखादा प्रोग्रॅम मधेच मेला तर?’

‘त्याची जागा तोच साफ करणार. आणि पुढेमागे एकातलं कॉपी करून दुसऱ्यात पेस्ट करायचं असेल, तर त्याचीही सोय मी—’ तो थांबला. माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला, ‘नाही, नाही. तसं नाहीये हे. हे हलकं आहे.’

मी काहीच म्हणालो नव्हतो.

वर्कशॉपमध्ये आता तोच लावलाय. आकडा डावीकडे, आलेख उजवीकडे, दाजी खूश. मधे घड्याळ पाहिजे म्हणतायत. भाच्याचं लक्ष मात्र त्याच्या लॅपटॉपकडे लागलंय. आपला सर्व्हर तिथं चढवायचा, म्हणजे डेस्कटॉप न लावता खरा ब्राउझर उघडता येईल, असा बेत आहे. अडचण एकच, ब्राउझर याच्या सर्व्हरशी बोलणार नाही, त्याला वेलँडची भाषा लागते.

‘मग?’

‘मग काय, आपण वेलँडची भाषा बोलायची. सगळा प्रोटोकॉल एक्सएमएलमध्ये लिहून ठेवलाय. दिवाळीपर्यंत होईल.’

कुठल्या, ते मी विचारलं नाही. बहिणीनं विचारलं.